मुन्शी घाटाच्या पायऱ्या आणि प्रवासाचं ॲप

इतिहासाच्या मालिकेत आज मोबाइलच्या ॲपची गोष्ट कुठून आली, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. कारण सांगतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी प्रवासाचं नियोजन करून देणाऱ्या एका ॲपवर काम करते. ते ॲप लोकांना वापरायला कितपत सोपं जातं हे तपासायचं आणि मग ते नव्याने मांडायचं, असं काम तिच्याकडे आलं. तिने मला विचारलं, "सर, आपल्याकडचे लोक रेल्वे नव्हती तेव्हाही काशीला जायचे. ते नियोजन कसं करायचे?"

या प्रश्नाचा पाठपुरावा करताना एक गोष्ट स्पष्ट झाली. काशीयात्रेसाठी मराठी माणसाने गेल्या साडेचारशे वर्षांत एकामागून एक साधनं वापरली. आधी ग्रंथ, मग उपाध्यायांची वही, मग छापील नकाशा, मग रेल्वेचं वेळापत्रक आणि आता ॲप. आज ॲपची जशी परीक्षा घेतात तशी या प्रत्येक साधनाची घेता येते. आणि ती घेतली की आजच्या ॲपमध्ये नेमकं काय राहून गेलंय, तेही दिसतं.

ही परीक्षा घ्यायला मी जागा निवडली मुन्शी घाट. दशाश्वमेध घाटावरून प्रवाहाच्या उलट दिशेने, म्हणजे दक्षिणेकडे चालत निघालात, की शीतला घाट लागतो, मग अहिल्याबाई घाट आणि त्याला लागूनच मुन्शी घाट. एकीकडे इंदूरच्या होळकरांचं नाव, तर शेजारी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातले मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांचं. पलीकडे दरभंगा घाट. पूर्वी हा सगळा एकच घाट होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बिहारमधल्या दरभंग्याच्या महाराजांनी तो भाग घेतला आणि एका घाटाची दोन नावं झाली. वरचा भव्य दगडी वाडा आज हॉटेल आहे. त्याच्या दारापर्यंत मोटार जात नाही, पाहुणे नावेतून येतात.

म्हणजे बघा, एकाच जागेला दोन नावं, खाली उंच पायऱ्या, मागे अरुंद गल्ल्या आणि पुढे पावसाळ्यात चढणारी नदी. कुठलंही प्रवासाचं साधन इथे टिकलं, तर ते कुठेही टिकेल.

आता परीक्षेचं माप ठरवू. एखादी वस्तू वापरायला किती सोपी आहे, याची एक जगभर मानलेली व्याख्या आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ती ९२४१ क्रमांकाच्या मानकाच्या अकराव्या भागात १९९८ साली दिली आणि २०१८ साली सुधारली. सोप्या मराठीत सांगायचं तर, ठरावीक माणसांना, ठरावीक परिस्थितीत, आपलं ठरावीक काम कितपत पुरं करता येतं, त्याला किती वेळ आणि श्रम लागतात आणि शेवटी समाधान मिळतं का, एवढंच पाहायचं. यातला 'ठरावीक' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. सगळ्यांसाठी सोपी अशी वस्तू नसते. कोणासाठी, कुठे आणि कशासाठी, हे आधी सांगावं लागतं.

पहिलं साधन ग्रंथाचं. पैठणहून काशीला गेलेल्या रामेश्वरभट्टांचे चिरंजीव नारायणभट्ट. जन्म १५१३ चा. याच भट्ट घराण्यातले गागाभट्ट पुढे शिवराज्याभिषेकासाठी रायगडावर आले. नारायणभट्टांनी संस्कृतात 'त्रिस्थलीसेतु' लिहिला. प्रयाग, काशी आणि गया या तीन स्थळांचा हा सेतू. ग्रंथाची रचना पाहण्यासारखी आहे. आधी सर्वसाधारण भाग येतो, त्यात यात्रेला कोणी जावं, निघण्याआधी काय करावं, वाटेत कोणते नियम पाळावेत हे सगळं आहे. मग एकेका क्षेत्राचा स्वतंत्र भाग. म्हणजे प्रवाशाला जे प्रश्न ज्या क्रमाने पडतात, जवळपास त्याच क्रमाने उत्तरं.

पण माझ्या मते या ग्रंथातली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. नारायणभट्टांचा काळ उलथापालथीचा होता. विश्वेश्वराचं लिंग जागेवर नसेल तर यात्रेकरूने काय करायचं? आज एखादं ॲप म्हणेल, 'स्थळ उपलब्ध नाही.' नारायणभट्ट म्हणतात ते साधारण असं, की काळाच्या फेऱ्यात जुनं लिंग काढलं गेलं आणि दुसरं बसवलं, तरी त्या जागी जे असेल त्याची पूजा करावी. शेकडो कोस चालून आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, हा विचार त्यामागे आहे. ठरलेलं मोडलं तर पुढे काय करायचं, हे त्यांनी आधीच लिहून ठेवलं. आजचे जाणकारही चांगल्या ॲपच्या कसोट्यांमध्ये हीच कसोटी सांगतात. जेकब नीलसन यांच्या १९९४ च्या प्रसिद्ध दहा तत्त्वांमध्ये, गडबड झाल्यावर माणसाला सावरायला मदत करा, हे एक तत्त्व आहे.

त्रिस्थलीसेतूची अडचणही उघड आहे. तो संस्कृतात आहे, पंडितांसाठी आहे. नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला तो वाचता येणार नव्हता. त्याच्यासाठी दुसरं साधन होतं, तीर्थोपाध्यायाची वही.

नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलेल्यांना ही वही ठाऊक असेल. तुम्ही गाव आणि आडनाव सांगता, उपाध्याय लांबट वही उघडतात आणि त्यात तुमच्या पणजोबांची सही निघते. कोण कधी आलं, कोणाचं श्राद्ध केलं, घरात कोण कोण आहे, सगळी नोंद. काशीतही प्रांताप्रांताचे उपाध्याय ठरलेले होते. मराठी यात्रेकरू काशीत उतरला की आपला उपाध्याय शोधायचा. राहायची सोय, जेवण, विधी, घाटावर नेणं-आणणं आणि मराठीत बोलणारा माणूस हे सगळं एका ओळखीत मिळायचं. अठराव्या शतकात तर काशीत मराठी वस्तीच उभी राहिली. पेशव्यांना पूज्य असलेले नारायण दीक्षित पाटणकर तिथलेच. ब्रह्मा घाट, दुर्गा घाट त्यांच्या नावाशी जोडलेले आहेत. पुढे १७८० च्या सुमारास अहिल्याबाईंनी विश्वनाथाचं आजचं मंदिर उभारलं. घाट बांधणं, अन्नछत्र घालणं, वाडा ठेवणं हे नुसतं पुण्यकर्म नव्हतं. हजार मैलांवरून येणाऱ्या आपल्या माणसाची ती सोय होती. मुन्शींचा घाट मी याच यादीत धरतो.

वाटेत काय व्हायचं, तेही पाहू. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली पैसे मिळवायला उत्तरेकडे निघाले. त्यांचं 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली छापून आलं. महूच्या वाटेवर त्यांना शिपाई भेटले आणि म्हणाले, पुढे मोठी गडबड होणार आहे, परत फिरा. ही त्या काळची धोक्याची सूचना. वाटेवरच्या माणसाने वाटेवरच्या माणसाला दिलेली. गोडसेभटजी परतले नाहीत, पुढचा सगळा प्रलय त्यांनी पाहिला आणि शेवटी आईवडिलांना स्नान घालायला गंगेचं पाणी घेऊन घरी आले. त्यांच्या प्रवासाचा हेतू अनेकदा बदलला, पण प्रत्येक वळणावर कोणीतरी ओळखीचं, नात्याचं किंवा गावाकडचं माणूस निघालं आणि प्रवास पुढे सरकला.

आता तिसरं साधन, नकाशा. १८२० च्या दशकात जेम्स प्रिन्सेप हा इंग्रज अधिकारी बनारसच्या टांकसाळीत होता. पुढे ब्राह्मी लिपी वाचणारा तो हाच. त्याने शहराची मोजणी करून प्रमाणबद्ध नकाशा काढला. मोजणी १८२२ ची. गल्ल्या, घाट, नदीची वळणं, सगळं मापात. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी, १८७६ साली, कैलासनाथ सुकुल यांचा 'काशीदर्पण' नावाचा नकाशा छापला गेला. तो मापात नाही. त्यात पंचक्रोशीचा मार्ग वर्तुळासारखा आहे आणि आत देवळं क्रमाने भरलेली आहेत. जमिनीवर पंचक्रोशीची वाट काही गोल नाही.

तर मंडळी, यातला चांगला नकाशा कोणता? प्रिन्सेपचा नकाशा बरोबर आहे, यात वाद नाही. गटारं बांधायची असतील, कर बसवायचा असेल तर तोच हवा. पण पंचक्रोशीला निघालेल्या माणसाला काय हवं असतं? कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा हे मुक्काम कोणत्या क्रमाने येतात आणि आता आपण कितव्यावर आहोत. त्याच्यासाठी काशीदर्पण उपयोगी. नकाशा अचूक असला म्हणून तो उपयोगी पडेलच असं नाही, हे एका शहराचे हे दोन नकाशे शेजारी ठेवले की कळतं. आजच्या बहुतेक ॲपमधला नकाशा प्रिन्सेपच्या घराण्यातला आहे.

चौथं साधन रेल्वे. १८७० साली जबलपूरला मुंबईकडचा आणि कलकत्त्याकडचा लोहमार्ग जोडला गेला आणि काही महिन्यांची यात्रा काही दिवसांवर आली. १८८७ साली काशीजवळ गंगेवर पूल झाला, ज्याला आज मालवीय पूल म्हणतात. आजची महानगरी एक्स्प्रेस जबलपूरवरूनच जाते. रेल्वेने एक फार मोठी गोष्ट केली. तिकिटाच्या खिडकीवर तुमचं कुळ कोणी विचारत नाही. ज्याच्याकडे भाड्याचे पैसे, तो निघाला.

हे मुद्दाम सांगतोय, कारण जुन्या व्यवस्थेचं कौतुक करताना तिची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. वहीत नाव असलेल्यांची सोय व्हायची. ज्यांची जात वहीबाहेर होती, त्यांच्यासाठी घाटावर कोणी उभं नव्हतं. विश्वनाथाच्या मंदिरात दलितांनी जाण्यावरून १९५० च्या दशकातही मोठा संघर्ष झाला. दक्षिणेसाठी अडवणूक, विधवांची फरफट हेही काशीच्या इतिहासातच आहे. म्हणून जुनी वही जशीच्या तशी परत आणा, असं मी म्हणणार नाही.

आता या सगळ्यानंतर ॲपकडे या. माझ्या मावशीला यजमानांच्या अस्थी घेऊन काशीला जायचं होतं. वय ७२, गुडघे दुखतात, मोबाइल चांगला वापरते. विद्यार्थिनीने तिच्या हातात ॲप दिलं आणि सांगितलं, "मावशी, मनात येईल ते मोठ्याने बोलत बोलत करा." ही चाचणीची रूढ पद्धत आहे. माणूस कुठे अडला हे त्याच्या बोलण्यातून कळतं.

मावशीने आधी 'काशी' लिहिलं. ॲपने काशी नावाचं रेल्वे स्थानक दाखवलं. तिने 'बनारस' लिहिलं, तर दुसरंच स्थानक आलं, पूर्वी ज्याला मडुआडीह म्हणायचे ते. 'वाराणसी' लिहिलं तर जंक्शन आणि सिटी ही आणखी दोन. मावशी म्हणाली, "अगं, गाव एक आहे की चार?" शहराचं अधिकृत नाव १९५६ साली वाराणसी झालं, पण मराठी माणसाच्या तोंडी काशीच आहे. ॲपला हे माहीत नव्हतं.

पुढे तिने मुन्शी घाटाजवळची खोली निवडली. स्क्रीनवर लिहिलं होतं, घाटापासून दोन मिनिटं. पुढे काशीला गेल्यावर मी स्वतः ती दोन मिनिटं चाललो. अंतर खरंच तेवढंच आहे, फक्त ते पायऱ्यांचं आहे. रिक्षा गोदौलियाच्या गर्दीतच सोडते, पुढे गल्ली, मग उतार. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती दोन मिनिटं अर्धा तास होतात. नकाशावरचा ठिपका सपाट असतो, घाट सपाट नसतो.

तिसरी अडचण पाण्याची. मावशीने तारीख टाकली ती भाद्रपदातली, पितृपक्षातली. वाराणसीला गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे. १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढलं होतं. पूर आला की पायऱ्या बुडतात, एका घाटावरून दुसऱ्या घाटावर चालत जाता येत नाही, नावा बंद होतात, आरती वर सरकते. ॲपने मात्र त्या तारखेला पहाटेचा नौकाविहार आनंदाने सुचवला.

आणि सगळ्यात शेवटी मावशीने जे विचारलं, ते स्क्रीनवर कुठेच नव्हतं. "तिथे आपलं म्हणून कोण भेटेल?"

मंडळी, हा प्रश्न भाबडा नाही. अस्थी घेऊन जाणारा माणूस सहलीला निघालेला नसतो. हे काम आयुष्यात एकदाच करायचं असतं, त्यात दुसरी संधी नसते. ठरलेला माणूस आला नाही, विधी राहिला, तर पैसे परत मिळाले म्हणून ते भरून निघत नाही. व्याख्येतलं शेवटचं माप समाधानाचं होतं, आठवतंय ना? ते इथे अडतं.

मग आम्ही दोघांनी बसून फेररचनेचा कच्चा आराखडा केला. पहिला बदल पहिल्याच स्क्रीनचा. 'कुठे जायचं?' याआधी 'कोण कोण निघालंय आणि कशासाठी?' हे विचारायचं. उत्तरात वय, गुडघे, कार्य एवढं आलं तरी पुढचं सगळं बदलतं. जात आणि कुळ विचारायचं नाही. रेल्वेने दिलेली ती मोकळीक सोडायची नाही.

दुसरा बदल नावांचा. काशी, बनारस, वाराणसी काहीही लिहिलं तरी आधी गाव दिसावं, मग त्यातली स्थानकं आणि आपल्या मुक्कामाला कोणतं जवळ ते. मुन्शी घाट लिहिणाऱ्याला दरभंगा घाटाचंही नाव कळावं, कारण नावाडी कोणतंही नाव घेईल.

तिसरा बदल शेवटच्या अर्ध्या किलोमीटरचा. वाहन कुठे थांबतं, पायऱ्या अंदाजे किती, कठडा आहे का, नावेने येता येतं का, हे काशीदर्पणासारखं क्रमाने दाखवायचं.

चौथा नारायणभट्टांकडून घेतला. पाणी चढलं तर काय, गाडी सहा तास उशिरा आली तर काय, याची दुसरी वाट आधीच आखलेली असावी आणि ती प्रवाशाला निघण्याआधी वाचता यावी.

पाचवा वहीकडून. ज्याच्याकडे काम सोपवलं, त्याचं नाव, त्याला कोणती भाषा येते आणि दक्षिणेचा आकडा आधीच दिसावा. आणि हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात छापून घेता यावं. घाटावर मोबाइलची बॅटरी संपली तरी तो कागद पिशवीत राहतो.

सहावा मावंद्याकडून. काशीहून परतलं की आपल्याकडे गंगापूजन करून मावंदं घालतात. पंगतीत प्रवासाची हकीकत निघते. कुठे फसवलं, कुठे सोय झाली, कोणता माणूस भला निघाला. पुढच्या वर्षी जाणारा ते ऐकून शहाणा होतो. ॲप मात्र पैसे भरल्या भरल्या पाच तारे मागतं. अजून प्रवास झालेला नसतो, तर तारे कशाचे द्यायचे? प्रवाशाने घरी परतल्यावर विचारा, आणि तीन-चार प्रश्न धड विचारा.

नीलसन यांचं म्हणणं आहे, की एका फेरीत पाच माणसांवर चाचणी केली तरी बहुतेक मोठे दोष कळतात. मी विद्यार्थिनीला एवढंच सांगितलं, की ते पाच जण तुझ्या कचेरीतले नकोत. त्यात एक सत्तरीचा असू दे, एक फक्त मराठी वाचणारा, एक पहिल्यांदाच एकटी निघालेली बाई आणि एक असा, ज्याच्या घराण्याचं नाव कुठल्याच वहीत कधी लिहिलं गेलं नाही. पाचवा कोणीही चालेल.

तिने आराखडा वरिष्ठांपुढे ठेवला. पहिल्या स्क्रीनचा बदल आणि छापील कागद हे दोन मुद्दे मंजूर झाले. पायऱ्यांची माहिती गोळा करायला खर्च येतो, म्हणून तो मुद्दा अडला आहे. तिने हट्ट सोडलेला नाही. मावशीची तारीख आम्ही कार्तिकात नेली, राजघाटाच्या बाजूने नाव ठरवली आणि ती पायऱ्या न उतरता गंगेपर्यंत पोहोचली. सगळं फोनवर बोलून ठरवावं लागलं.

तुमच्याकडे एक मागणं आहे. घरात आजी-आजोबांच्या काशीयात्रेची पत्रं, खर्चाच्या वह्या, उपाध्यायांच्या पावत्या असतील तर टाकू नका. कोणत्या गाडीने गेले, कुठे उतरले, किती पैसे लागले, कोणी सोय केली, हे त्यात लिहिलेलं असतं. त्यांचे फोटो काढून ठेवा, घरच्या मोठ्यांना विचारून कडेला तारखा लिहा. कोणी निघालं, तर त्यांना ते आधी वाचायला द्या.